पुलावर पूल बघायचा

मला पुलांची भीती वाटते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत हे मी कुणाजवळही बोलले नव्हते. घर बेतीत, नोकरी पणजीत आणि मध्ये मांडवी. पुलावरून चटकन होणारा हा प्रवास मी वर्षानुवर्षं फेरीबोटीने केला. बेती–पणजी फेरीला पायी माणसाला तिकीट नाही, वारा छान लागतो, ओळखीची माणसं भेटतात. त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. ऑफिसात म्हणायचे, हिला जुन्या गोष्टींची आवड. मीही हो म्हणायचे.

2024 मध्ये मी यावर उपचार घेतले. कुठे जावं लागलं, किती थांबावं लागलं, पैसे किती गेले आणि पुलावर प्रत्यक्ष काय करावं लागलं, हे सगळं क्रमाने लिहितेय. उपचारांच्या आधी मी असंच काहीतरी मराठीत शोधत होते, आणि कुणाचा स्वतःचा अनुभव हाती लागला नाही.

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. 1970 चा पूल, म्हणजे सोळा वर्षांत गेला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. पुढे 1992 मध्ये नवा पूल सुरू होईपर्यंत बेतीच्या धक्क्यावरची गर्दी, बाबांना घरी यायला होणारा उशीर आणि रात्री जेवताना मोठ्यांच्या तोंडी पुलाचाच विषय, हे सगळं माझ्या लहानपणाचा भाग आहे. तरी कॉलेजात असताना मी पुलावरून जायचे, मुठी आवळून का होईना. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल एसटीच्या गाड्यांसह वाहून गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात आमच्याच गोव्यात, सावर्ड्याजवळचा पोर्तुगीज काळातला पादचारी पूल माणसांसकट पडला. त्यानंतर मी बसने मांडवी ओलांडणंही बंद केलं. फोंड्याची मुंज, मडगावचं बारसं, काणकोणची जत्रा, सगळीकडे एकच उत्तर: पाठ दुखते, प्रवास सोसत नाही.

21 जानेवारी 2024 ला मडगावात मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. तिला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं, न जाणं शक्य नव्हतं. दादाच्या गाडीत मागे मधोमध बसले. मांडवी डोळे मिटून पार पडली. झुआरी नदीच्या नव्या पुलावर पुढे एक ट्रक बंद पडला आणि गाड्या थांबल्या. थांबलेल्या गाडीत पूल हलताना जाणवतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शेजारून टँकर गेला की सीटखालून थरथर वर यायची. छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, श्वास घशातच अडकला. ‘दादा, दार उघड’ एवढंच मी म्हणत होते. वहिनीला वाटलं, हार्ट अटॅक.

लग्नाऐवजी एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो. ईसीजी काढला, रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते त्यातून कळतं), सलाइन लावलं. सगळं नॉर्मल. बिल ₹6,400. हातात अ‍ॅसिडिटीची गोळी आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला. हे नेमकं कुठे झालं, असं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तरी एक सांगते: छातीत असं पहिल्यांदाच झालं तर कॅज्युअल्टीत जाणंच योग्य. हृदयाचं काही नाही हे कागदावर असलं की पुढच्या प्रत्येक डॉक्टरचं काम सोपं होतं. तो ईसीजी मी नंतर सगळीकडे दाखवला.

12 फेब्रुवारीला बदलीचा आदेश आला. 1 जुलैपासून वेर्णा ऑफिस. म्हणजे रोज मांडवी आणि झुआरी दोन्ही, जाताना एकदा आणि येताना एकदा. बोरीमार्गे जावं तर तिथेही झुआरीच, तिथेही पूल. त्या रात्री नकाशा उघडून मी किती वेळ बसले होते. नवरा म्हणाला, बदली रद्द करायला अर्ज टाक, प्रकृतीचं कारण दे. ‘कुठल्या प्रकृतीचं?’ असं मी विचारलं आणि मग पहिल्यांदा त्याला खरं सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘म्हणून आपण कधी पाळोळेच्या किनाऱ्यावर गेलो नाही होय.’

दुसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरकडे. त्यांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासायला लावली. थायरॉइड वाढलं तरी धडधड होते, घाबरल्यासारखं वाटतं, म्हणून हे पहिलं. तपासण्यांचे ₹850. रिपोर्ट ठीक आले तेव्हा त्यांनी मानसोपचाराची चिठ्ठी लिहून दिली. ही चिठ्ठी जरूर घ्या. पुढे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगत बसावी लागत नाही.

20 फेब्रुवारीला बांबोळीला सरकारी मानसोपचार ओपीडीत गेले. बेतीहून बांबोळीला जायचं म्हणजे आधी फेरी, मग पणजीहून बस. सोबत आधार कार्ड, चिठ्ठी, ईसीजी आणि सगळे रिपोर्ट घ्यावेत. सकाळी लवकर जावं, केसपेपर काढून रांगेत बसावं, डबा आणि पाणी बरोबर ठेवावं. मी ओढणी डोक्यावरून पुढे ओढून बसले होते, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. आणि नेमकी आमच्याच वाड्यावरची एक काकी भेटली, मुलाला घेऊन आली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून नुसत्या हसलो. मग तिने डब्यातला पोळा पुढे केला. त्या बाकावर शाळामास्तर होते, बाळंतीण होती, मासे विकणारी बाई होती. आयपीएचबी, म्हणजे बांबोळीचं हे सरकारी मानसोपचार रुग्णालय, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते त्या बाकावर तासभर बसलं की उरत नाही.

तरुण डॉक्टरीण होती. तिने शांतपणे सगळं विचारलं: झोप, भूक, पाळी, दारू-तंबाखू, घरात आणखी कुणाला काही त्रास, कधी मरावंसं वाटतं का. निदान झालं ‘स्पेसिफिक फोबिया’, म्हणजे एका विशिष्ट गोष्टीचा भयगंड, आणि त्यातून येणारे पॅनिक अ‍ॅटॅक. मी विचारलं, पुलाआधी घ्यायची एखादी गोळी नाही का? ती म्हणाली, गोळीने त्या दिवशी बरं वाटेल, पण पूल गोळीमुळे पार झाला असंच मन धरून बसेल. नैराश्य किंवा सतत चिंता असेल तर रोजच्या गोळ्यांचा विचार करता येतो, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. नुसत्या भयगंडावर मुख्य उपचार म्हणजे त्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं. त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा.

रजा शिल्लक नव्हत्या, म्हणून संध्याकाळची वेळ देणाऱ्या पणजीतल्या एका मॅडम निवडल्या. एका वेळचे ₹1,200, साधारण पन्नास मिनिटं. तारीख मिळायला तीन आठवडे लागले. सायकॉलॉजिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे का ते सरळ विचारा. मी विचारलं, त्यांनी नोंदणी क्रमांक दाखवला, वाईट वगैरे काही वाटून घेतलं नाही. आपली माहिती बाहेर जाईल ही भीती असेल तर हेही माहीत असू द्या: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आपल्याला दिला आहे.

12 मार्चला पहिली भेट झाली. मॅडमनी विचारलं, ‘पुलावर तुमच्या मते काय होईल? स्पष्ट सांगा.’ पूल पडेल, हे मी सांगितलं. मी बेशुद्ध पडेन, हेही सांगितलं. मग त्या वाट बघत बसल्या. मी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी म्हटलं, ‘मीच दार उघडून खाली उडी टाकेन, असं वाटतं.’

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बांबोळीला डॉक्टरने मरावंसं वाटतं का विचारलं तेव्हा मी खरंच नाही म्हटलं होतं, कारण मला मरायचं नाहीये, मला माझ्या मुलीचं लग्न बघायचं आहे. आणि तरी उंचावर गेलं की हात आपलं ऐकणार नाहीत असं वाटतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्यात काहीतरी भयंकर आहे. मॅडमनी आधी पुन्हा एकदा नीट खात्री करून घेतली: कधी तशी इच्छा, तसा बेत, तशी तयारी? नव्हती. मग म्हणाल्या, उंचावर उभं राहिलं की हा विचार पुष्कळ लोकांना येतो. ज्यांना जगायचं असतं त्यांनाही येतो. ती इच्छा नाही, ती भीतीच आहे. मी तिथे रडले. टिश्यूचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि त्याही काही बोलल्या नाहीत. उपचारातला सगळ्यात अवघड पूल मी त्या खोलीत खुर्चीवर बसून पार केला, असं मला आजही वाटतं. तुमच्याही मनात असा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत बोलून टाका. आणि मरायची इच्छा खरोखरच असेल तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.

बेशुद्ध पडण्याबद्दल त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. माणूस बेशुद्ध पडतो तो बहुधा रक्तदाब एकदम उतरल्याने. पॅनिकमध्ये उलट नाडी जोरात चालते आणि रक्तदाब चढलेला असतो. मुंग्या आणि बधिरपणा येतो तो भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून. त्रास खरा, धोका नाही. (रक्त किंवा सुई बघून घाबरणाऱ्यांचं वेगळं असतं, त्यांना खरंच चक्कर येऊ शकते. त्यांनी हे वाचून स्वतःला लागू करू नये.)

1986 बद्दल मी खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सुरुवात तिथून झाली असेलही, पण आज ही भीती टिकून आहे ती तुम्ही पूल टाळता म्हणून. टाळलं की त्या क्षणी सुटका होते, आणि मनाची खात्री होते की वाचलो ते टाळल्यामुळेच.

मग शिडी केली. शंभर पानी वहीत, शून्य ते शंभर असे भीतीचे गुण देऊन. पुलांचे व्हिडिओ बघणं 25. पाटोच्या पुलावर, उरेमच्या खाडीवर, उभं राहणं 35. बेतीच्या बाजूने मांडवी पुलाच्या खाली उभं राहून वर बघणं 45. पाटो ते रायबंदरचा बांध स्कूटरवरून, 50. हा बांध सतराव्या शतकातला, 1630 च्या दशकात बांधलेला, आणि अजून त्यावरून वाहनं जातात. मग बसने मांडवी, खिडकीजवळ बसून, 70. स्कूटरने मांडवी 80. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, शटलने झुआरी 95. आणि शंभरावर मी लिहिलं होतं: झुआरीवर गाडी थांबली तर.

दर वेळी जाण्याआधी वहीत लिहायचं: मला वाटतं की अमुक होईल. परत आल्यावर शेजारी लिहायचं: काय झालं. गुण उतरण्यापेक्षा हे दोन रकाने महत्त्वाचे, असं मॅडम सांगायच्या. आणि आधार सोडायचे. माझे आधार पुष्कळ होते: डोळे मिटणं, फोनवर बोलत राहणं, पाण्याची बाटली घट्ट धरणं, मधल्या बाजूची सीट, नवऱ्याचा हात, रामरक्षा. रामरक्षा सोडायला मन धजेना. मॅडम म्हणाल्या, ‘ताई, देवाचं नाव सकाळी देवापुढे बसून शांतपणे घ्या. पुलावर पूल बघायचा.’

पाटोचा पूल मला सोपा वाटला होता, निघाला नाही. 26 मार्चला संध्याकाळी कठड्याला हात लावून उभी राहिले. कठडा दिवसभराच्या उन्हाने गरम होता. खाली ओहोटीचा चिखल, त्यात बगळा. बस गेली आणि पायाखालून ती थरथर आली. गुण 70 वर गेले. पळायचं नाही, श्वास मुद्दाम खोल घ्यायचा नाही, लक्ष दुसरीकडे न्यायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि शरीरात कुठे काय होतंय ते बघायचं. पोटऱ्या कापत होत्या. मग पुढच्या बसला थोड्या कमी कापल्या. पूल हलतो कारण तो हलावा असाच बांधलेला असतो, उन्हात लांबायला त्याला सांधे ठेवलेले असतात, हे मी तोवर वाचलं होतं. पण वाचलेलं पोटऱ्यांपर्यंत पोचायला तिथे उभंच राहावं लागलं. अंधार पडला तेव्हा गुण 30 वर होते.

21 एप्रिलला, रविवारी, बसने मांडवी. शेजारी एक म्हातारी बसली होती, पायाशी पिशवी. पर्वरीच्या चढावरच माझा चेहरा उतरला असणार.

‘बाय, तुका बरें दिसना?’ तिने विचारलं.

घरचं माणूस विचारतं तर मी पाठदुखी सांगितली असती. तिला म्हटलं, ‘म्हाका पुलाचें भंय दिसता.’

‘म्हाकाय दिसता गो,’ ती म्हणाली. ‘हांव दोळे धांपून बसतां.’

आणि तिने खरंच डोळे मिटले. मी उघडे ठेवले. सांध्यांवरून बस धडधडत गेली, शेजारी अटल सेतू, मांडवीवरचा तिसरा, सगळ्यात उंच पूल, डोक्यावरून जात होता, खाली कॅसिनोची जहाजं आणि दूरवर माझी फेरी दिसत होती. वहीत त्या दिवशी लिहिलंय: ‘वाटलं होतं की उठून ओरडेन. झालं काय: पणजी आली.’

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे. मी फेरीतून उतरून रोज त्याच्यासमोरून जायचे. कांदोळीला 1756 मध्ये जन्मलेला हा पाद्री पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची वाचा बसली, तेव्हा वडिलांनी कोकणीत हळूच म्हटलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी (म्हणजे समोरच्यांना नुसता भाजीपाला समज, घाबरू नको), ही गोष्ट गोव्यातलं प्रत्येक पोर ऐकत मोठं होतं. लहानपणी मला त्यातली भाजीच आवडायची. आता वाटतं, मुलगा घाबरलाय हे बापाला दिसलं आणि मुलाने ते लपवलं नाही, हे केवढं मोठं. ऑफिसात साहेबांना सांगायची हिंमत मला त्यानंतर झाली. ते म्हणाले, पहिला महिना उशीर झाला तर हरकत नाही, फोन करत जा. इतकंच. दोन सहकाऱ्यांनी मग आपापलं सांगितलं, एकाला लिफ्ट, एकीला घाटात गाडी.

मे महिन्यात स्कूटरने मांडवी जमू लागली. 2 जूनला कदंबच्या शटलने झुआरी. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घाम आला, मान आखडली, आगशी गेली, कुठ्ठाळी आली. मडगावात चहा घेतला आणि तशीच परत आले. पुन्हा पुन्हा तेच करत राहिले, कधी सकाळी, कधी अंधारात.

मग पाऊस लागला. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी मांडवी लाल-तपकिरी, फुगलेली, बसच्या काचेवर पाण्याचे लोट, आणि मी थेट जानेवारीत जाऊन पोचले. गुण 90. घरी येऊन म्हटलं, सगळं वाया गेलं. मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं: मन कोरड्या दिवसांतल्या पुलाबद्दल शिकलंय, पावसातल्या पुलाबद्दल नव्याने शिकवावं लागेल. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवीन शिकलेलं बसतं, म्हणून वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हवेत जायचं. त्या आठवड्यात मी मुद्दाम पाऊस बघून बाहेर पडले. नवरा बरोबर यायला निघाला होता. त्याला घरी थांबायला सांगणं हे मला पुलापेक्षा अवघड गेलं.

1 जुलैला वेर्ण्यात रुजू झाले. शटल तिथे थांबत नाही, म्हणून पणजीहून मडगावची साधी बस. शंभर गुणांची पायरी आपोआपच आली: ऑगस्टमध्ये झुआरीवर वाहतूक तुंबली आणि बस मधोमध थांबली. थरथर तीच, टँकर तसाच. शेजारच्या मुलीला मी सांगितलं, मला भीती वाटतेय, थोडं बोलत नाही, राग मानू नका. ती बरं म्हणाली आणि सरकून खिडकीची जागा मला दिली. गुण 85 पर्यंत गेले आणि बस सुटण्याआधीच उतरायला लागले.

मॅडमकडे जाणं आता दोन महिन्यांतून एकदा. सगळा मिळून खर्च, ती पहिली कॅज्युअल्टी धरून, पंचवीस हजारांच्या आत. रोजच्या झुआरीला सध्या मी 25 ते 30 गुण देते. मुसळधार पावसात 50. मॅडमच्या मते हे कमी व्हायची वाट बघत बसायचं कारण नाही, आणि मलाही ते पटलंय.

अटल सेतू राहिलाय. प्रवासी म्हणून झाला, पण मला तो स्वतः गाडी चालवत पार करायचाय, आणि त्यावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणून चारचाकीचं लर्निंग लायसन्स काढतेय. अर्जाचे ₹150 आणि चाचणीचे ₹50. चाळिशी उलटल्यामुळे फॉर्म 1-ए वर डॉक्टरची सही लागते. फॉर्म 1 मध्ये एक प्रश्न आहे: अचानक शुद्ध हरपणे किंवा चक्कर येणे असा काही त्रास आहे का? मी तो फॅमिली डॉक्टरांपुढे ठेवला, बांबोळीचा केसपेपर आणि वहीसुद्धा दाखवली. त्यांनी सगळं वाचून ‘नाही’वर खूण करायला सांगितलं आणि सही केली.